रिंगा टाकायच्या, प्लेटिंग करायचं की सिलिंडरच बदलायचा?
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं डर्ट बाइकच्या सिलिंडरबद्दल आहेत, म्हणून या वेळचा सगळा स्तंभ त्यालाच दिला आहे. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहे: ‘गॅरेजवाले म्हणतात, आधी रिंगा टाकून बघू.’ (रिंगा म्हणजे पिस्टनभोवतीची कडी, जी सिलिंडरच्या भिंतीला टेकून गॅस अडवतात.) सिलिंडर न मोजता टाकलेल्या रिंगांचा खर्च वाया जायची शक्यता मोठी असते. उलट, चांगला सिलिंडर नुसत्या नजरेने बाद ठरवून भंगारात दिल्याचीही उदाहरणं पत्रांत आहेत. दोन्हीचं कारण एकच. मोजमाप झालेलं नसतं.

प्रश्न (नाशिक): माझी कावासाकी केएक्स२५० फोर स्ट्रोक आहे. ७० तास झाले म्हणून हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवलं. सिलिंडरवर होनिंगच्या (आतून बारीक घासण्याच्या) तिरक्या रेघा बहुतेक ठिकाणी दिसतात, पण मागच्या बाजूला, वरती, एक पट्टा आरशासारखा चमकतोय. एक मिस्त्री म्हणतो सिलिंडर गेला. दुसरा म्हणतो रिंगा टाका आणि पळवा. कुणाचं ऐकू?

उत्तर: दोघांनीही नजरेने निकाल दिलाय, तो तुम्ही बोअर गेजने, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायच्या साधनाने, द्या. पण आधी तुमच्या हातात काय आहे ते समजून घ्या. या सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह (आत बसवलेली नळी) नाही. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकवर थेट निकेलचा थर चढवलेला असतो आणि त्या निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे अतिशय बारीक कण असतात. जर्मनीच्या माले कंपनीने १९६७ मध्ये हा प्रकार विकसित केला, तो मुळात वँकेल इंजिनासाठी. ‘निकासिल’ हे तिचंच नाव. होनिंगनंतर या थराची जाडी साधारण ०.०७ ते ०.१० मिमी उरते. म्हणजे सगळा खेळ एका कागदाच्या जाडीइतका आहे. थर शाबूत असेल तर सिलिंडर अनेक पिस्टन पुरतो, आणि तो फाटला की खालचं मऊ ॲल्युमिनियम रिंगांपुढे फार वेळ टिकत नाही.

मागचा चमकणारा पट्टा आधी बघू. तुमच्या इंजिनाचा क्रँक चाकांच्याच दिशेने फिरतो, त्यामुळे पॉवर स्ट्रोकला पिस्टन मागच्या, म्हणजे इनटेककडच्या भिंतीवर दाबला जातो. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे तेलाचा थरही सर्वांत पातळ असतो. तेव्हा त्या जागी थोडी झिलई येणं स्वाभाविक आहे, तेवढ्यावर सिलिंडर बाद होत नाही. हीच झिलई गोल फिरून सगळीकडे असेल, किंवा पट्ट्यात उभ्या बारीक रेघा दाट दिसत असतील, तर मात्र धूळ आत गेल्याचा संशय घ्या. एअर फिल्टरच्या मागचा रबरी बूट आतून पांढऱ्या कपड्याने पुसा. कपड्यावर माती आली तर सिलिंडरच्या आधी तिचा बंदोबस्त करा: फिल्टरची कडा जिथे एअरबॉक्सवर बसते तिथे ग्रीस लावलंय का, बुटाचा क्लॅम्प घट्ट आहे का, फिल्टरचा फोम शिवणीवर उसवलाय का. धूळ खाल्लेल्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्हही बसलेले असतात, त्यामुळे त्यांचा टॅपेट गॅप (व्हॉल्व्ह आणि कॅममधली फट) कमी झालेला मिळतो. तोही याच वेळी तपासा.

आता नखाची परीक्षा. सिलिंडर स्वच्छ, कोरडा करून नख आडवं फिरवा. रेघ दिसते पण नखाला लागत नाही, तर ती चालते. नख अडकलं आणि ती रेघ रिंगांच्या वाटेत असली, तर गॅस तिथून खाली जाणारच. रंगही बघा. टॉर्च तिरका धरला की निकेल किंचित पिवळसर करडं दिसतं आणि उघडं पडलेलं ॲल्युमिनियम जास्त पांढरं. असा पांढरा डाग रिंगांच्या वाटेत मिळाला की मोजायचीही गरज नाही. सिलिंडर प्लेटिंगला, म्हणजे नवा थर चढवायला, जाणार किंवा बदलणार.

मोजायला ५० ते १०० मिमीचं डायल बोअर गेज आणि ७५ ते १०० मिमीचा मायक्रोमीटर लागतो. व्हर्नियर इथे कामाचा नाही. त्याचं लघुत्तम माप ०.०२ मिमी, आणि आपण शोधतोय तो फरकच तेवढा असतो. मायक्रोमीटर ७८.०० मिमीवर लॉक करा, गेज त्यात शून्यावर आणा, मग सिलिंडरमध्ये हलकेच पुढेमागे डोलवत सर्वांत कमी आकडा वाचा. जागा तीन: वरच्या कडेपासून साधारण १० मिमी खाली, मध्यावर, आणि पिस्टनचा स्कर्ट (रिंगांखालचा भाग) संपतो तिथे. प्रत्येक जागी दोन मापं घ्या, एक क्रँकच्या रेषेत आणि एक तिला काटकोनात. एकूण सहा आकडे कागदावर लिहून काढा.

वर-खालच्या मापांतला फरक म्हणजे टेपर, काटकोनातल्या दोन मापांतला फरक म्हणजे ओव्हल. जपानी फोर स्ट्रोकच्या मॅन्युअलमध्ये दोन्हींची मर्यादा बऱ्याचदा ०.०५ मिमी असते. स्पर्धेच्या गाडीत ०.०३ च्या पुढे आकडा गेला की आम्ही पुढच्या टॉप एंडला (पिस्टन-रिंगा बदलायच्या वेळी) प्लेटिंगची तयारी ठेवायला सांगू. अंतिम शब्द अर्थातच तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा.

पिस्टनचा क्लिअरन्स, म्हणजे सिलिंडर आणि पिस्टन यांच्या मापांतला फरक, काढताना फसगत होते ती अशी. समजा सिलिंडरचं सर्वांत मोठं माप ७८.०३ आलं आणि जुना पिस्टन ७७.९० भरला, तर क्लिअरन्स ०.१३. लोक घाबरून सिलिंडर बदलतात. पण नवा पिस्टन ७७.९७ चा असेल तर त्याच सिलिंडरमध्ये क्लिअरन्स ०.०६ येतो. झिजला होता तो पिस्टन. म्हणून निर्णय नव्या पिस्टनच्या मापावर घ्यायचा. पिस्टन गजन पिनला (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन) काटकोनात आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या उंचीवर मोजायचा. स्कर्टची खालची कडा किंवा वरचा मुकुट मोजून उपयोग नाही. या वर्गातल्या गाड्यांत नवा क्लिअरन्स साधारण ०.०३ ते ०.०६ असतो. नव्या पिस्टनबरोबरही तो ०.१० च्या आसपास येत असेल, तर सिलिंडरचं आयुष्य संपलं.

एक सूचना उन्हाळ्यासाठी. मॅन्युअलमधली मापं २० अंश तापमानाची असतात. ७८ मिमीचं ॲल्युमिनियम ३५ अंशांना सुमारे ०.०२७ मिमी फुगतं, पोलादी मायक्रोमीटर त्याच्या निम्म्याने. त्यामुळे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मोजलेला चांगला सिलिंडर शतांश-सव्वा शतांश मिमीने मोठा दिसतो. सिलिंडर, पिस्टन आणि गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी मोजा.

प्रश्न (पुणे): फोर स्ट्रोक २५० चं कॉम्प्रेशन गेजवर फारच कमी दिसतं, पण गाडी पळते चांगली. सिलिंडर उघडू का?

उत्तर: त्या आकड्यावरून उघडू नका. तुमच्या कॅमशाफ्टवर ऑटो डीकॉम्प्रेशन असतं. सुरू करताना ते एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवतं, म्हणून गेज खरा दाब दाखवूच शकत नाही. लीक-डाउन चाचणी करा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते मोजा.

इंजिन गरम करा, पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आणा, प्लगच्या जागी टेस्टर लावा आणि १०० पीएसआय हवा सोडा. एक इशारा मनापासून: १०० पीएसआयला ७८ मिमीच्या पिस्टनवर सव्वातीनशे किलोपेक्षा जास्त जोर येतो. क्रँक जरा जरी टीडीसीवरून हलला तरी तो झटक्याने फिरेल. क्रँकवरचा पाना काढलेला असावा, गाडी गिअरमध्ये नसावी आणि हात किकपासून लांब असावा. हवा हळूहळू वाढवा.

गळती १० टक्क्यांपर्यंत असेल तर इंजिन उत्तम. १० ते २० च्या दरम्यान असेल तर पुढच्या काही तासांत पुन्हा बघा. २० च्या पुढे गेली तर ती कुठून होते ते ऐका. क्रँककेसच्या ब्रीदर नळीतून फुसफुस म्हणजे रिंगा किंवा सिलिंडर. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअरबॉक्समधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. ब्रीदरमधून आवाज आला तरी दोष रिंगांचा की सिलिंडरचा, हे ही चाचणी सांगत नाही. शिवाय पिस्टन वर असताना जे दिसतं तेवढंच ती दाखवते, सिलिंडरच्या मध्यावरची झीज तिला कळत नाही. तिथे पुन्हा बोअर गेजच.

प्रश्न (बारामती): आमच्याकडे बोअर गेज कुणाकडेच नाही. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) आहे. काही होईल का?

उत्तर: होईल, आणि बऱ्यापैकी नेमकं होईल. एक नवी वरची रिंग घ्या. सिलिंडरच्या अगदी खाली, जिथे रिंगा कधी पोचत नाहीत, तिथे ती बसवा, पिस्टनच्या माथ्याने ढकलून सरळ करा आणि तिच्या दोन टोकांमधला गॅप मोजा. मग तीच रिंग वरून १० मिमी खाली, नंतर मध्यावर ठेवून गॅप मोजा. गॅपमधल्या फरकाला ३.१४ ने भागलं की व्यास किती वाढला ते मिळतं. उदाहरणार्थ खाली गॅप ०.२५ आणि वर ०.४१ आला, फरक ०.१६, म्हणजे सिलिंडर वरती ०.०५ मिमीने मोठा झालाय. हा सिलिंडर मर्यादेवर आला.

या रीतीने टेपर कळतो, ओव्हल कळत नाही, कारण रिंग अंडाकृती भोकातही जाऊन बसते. त्यासाठी रिंगच्या मागे टॉर्च धरा. रिंग आणि भिंत यांच्यामधून प्रकाशाची चंद्रकोर दिसली तर सिलिंडर गोल राहिलेला नाही. टू स्ट्रोकमध्ये रिंग पोर्टसमोर (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडकीसमोर) ठेवू नका. एक्झॉस्ट पोर्टच्या वर आणि सगळ्या पोर्टच्या खाली अशा दोनच जागा घ्या.

प्रश्न (सातारा): सेकंडहँड घेतलेली केटीएम २५० टू स्ट्रोक सीझ झाली, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला. सिलिंडरच्या एक्झॉस्ट बाजूला चंदेरी पट्टे चिकटलेत, हाताला खरखरीत लागतात. लेथवाला म्हणतो ०.२५ ओव्हरसाइज बोअर करून (भोक ०.२५ मिमीने मोठं करून) देतो, नाहीतर लोखंडी स्लीव्ह टाकतो.

उत्तर: बोअर करू देऊ नका. ०.२५ म्हणजे प्रत्येक भिंतीवरून ०.१२५ मिमी माल जाणार. थरच मुळात ०.१० च्या आत आहे. हत्यार पहिल्या फेरीत सगळं प्लेटिंग काढून टाकेल आणि तुमचा नवा पिस्टन नुसत्या ॲल्युमिनियमवर घासेल.

आता ते चंदेरी पट्टे. बहुतेक वेळा ते सिलिंडरचे ओरखडे नसतात. पिस्टनचं ॲल्युमिनियम वितळून निकेलवर लिंपलं गेलेलं असतं आणि त्याखालचा थर चांगला निघू शकतो. ते विरघळवायला कॉस्टिक सोडा वापरतात, कारण तो ॲल्युमिनियम खातो पण निकेलला हात लावत नाही. १०० मिली पाण्यात १० ग्रॅम कॉस्टिक घाला. नेहमी पाण्यात कॉस्टिक, कॉस्टिकवर पाणी कधीच नाही. आणि भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं. हातमोजे आणि चष्मा हवाच. जागा उघडी हवी आणि जवळपास जाळ नको, कारण या क्रियेतून हायड्रोजन निघतो. कापूस गुंडाळलेल्या काडीने फक्त पट्ट्यावर लावा. पोर्टच्या भिंती, गॅस्केटचे पृष्ठभाग आणि ब्लॉकचा बाहेरचा भाग उघडं ॲल्युमिनियम आहे, तिथे थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. फेस येईल, पट्टा काळपट होईल. मिनिटभराने पुसा, बघा, परत लावा. ही कामं घाईने करायची नाहीत.

याच पद्धतीने थराचीही परीक्षा होते. पट्टा निघाल्यावर जागा धुवून ताजा थेंब लावा. बुडबुडे आले नाहीत तर खाली निकेल शाबूत आहे. एकाच जागी बुडबुडे येतच राहिले तर तिथे थर फाटलाय. लगेच धुवा आणि थांबा, आता तुम्ही ब्लॉकच खात आहात. शेवटी भरपूर पाणी, मग थोडं व्हिनेगर, परत पाणी, आणि लगेच तेलाचा हात.

थर शाबूत निघाला तर मरून रंगाच्या स्कॉच-ब्राइटने साबणाच्या पाण्यात सिलिंडर तिरक्या हालचालीने घासा. झिलई मोडायला एवढं पुरे. दगडाचं कडक होन वापरू नका. निकासिलवर ते नवीन रेघा पाडू शकत नाही, पोर्टच्या कडा मात्र टवके काढून खराब करतं. मग मोजा. मोजमाप ठीक असेल तर नवा पिस्टन टाका. केटीएमच्या या इंजिनांत पिस्टन रोमन आकड्यांतल्या एक आणि दोन अशा दोन मापांत येतो, आणि त्यांच्यातला फरक शतांश मिमीच्या घरातला. सिलिंडर किंचित वाढला असेल तर दोन नंबरचा पिस्टन क्लिअरन्स परत जागेवर आणू शकतो. मोजल्याशिवाय मागवू मात्र नका.

गाडी जोडण्याआधी ती सीझ का झाली ते शोधा, नाहीतर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल. फक्त एक्झॉस्ट बाजूला पट्टे असतील तर मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं किंवा इंजिन तापलं होतं: जेट, क्रँक सील, इनटेक मॅनिफोल्डची गळती, रेडिएटर हे सगळं तपासा. ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जास्त असल्याने जुनं जेटिंग आणखी लीन पडतं, हेही लक्षात घ्या. इनटेक बाजूला पट्टे असतील तर ऑइल कमी पडलं. चार कोपऱ्यांत चार उभे पट्टे म्हणजे थंड इंजिन लगेच फुल्ल थ्रॉटलवर गेलं, किंवा क्लिअरन्स मुळात कमी होता.

लोखंडी स्लीव्हबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. ट्रेलवर आरामात चालवायची जुनी गाडी, जिचा सिलिंडर मिळतच नाही, तिच्यासाठी स्लीव्ह चालते. रेसच्या गाडीत नको. लोखंड ॲल्युमिनियमपेक्षा कमी फुगतं, म्हणून थंड क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो. उष्णता बाहेर जायला एक सांधा वाढतो. आणि पॉवर व्हॉल्व्हच्या (एक्झॉस्ट पोर्टची उंची बदलणाऱ्या झडपेच्या) खिडकीपाशी स्लीव्ह नीट कापणारा कारागीर हवा. तिथे चूक झाली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतो.

प्रश्न (सॅन होजे, कॅलिफोर्निया): माझ्या यामाहा वायझेड१२५ च्या एक्झॉस्ट पोर्टच्या वरच्या कडेला प्लेटिंगचा टवका उडालाय, साधारण मुगाच्या दाण्याएवढा. इथे प्लेटिंग करून मिळतं. करून घेऊ की नवा सिलिंडर?

उत्तर: ती कडा रिंगांच्या वाटेत आहे, त्यामुळे असंच चालवायचा प्रश्न येत नाही. रिंग दर फेरीला टवक्याच्या काठावर आपटेल आणि थर कागदासारखा सोलत जाईल. हाच टवका पोर्टच्या खाली, रिंगा पोचत नाहीत तिथे असता, तर काठ गुळगुळीत करून लक्ष ठेवा म्हटलं असतं.

प्लेटिंगमध्ये जुना थर पूर्ण उतरवतात, खोल जखम असेल तर टिग वेल्डिंगने भरतात, बोअर सरळ करतात, नवा थर चढवतात आणि डायमंड होनने तुमच्या पिस्टनच्या मापावर आणतात. चांगलं झालेलं काम नव्या सिलिंडरच्या तोडीचं असतं, आणि क्लिअरन्स खास तुमच्या पिस्टनसाठी मिळतो, हा त्याचा वरचा गुण. त्यासाठी नवा पिस्टन सिलिंडरबरोबर पाठवा. पॉवर व्हॉल्व्हचे सगळे भाग, स्टड, डॉवेल आणि गॅस्केटचे तुकडे काढून ब्लॉक स्वच्छ धुवून द्या. कागदावर क्लिअरन्स किती हवा ते लिहा आणि वेल्डिंग लागणार असेल तर आधी दर कळवायला सांगा.

नवा सिलिंडर कधी? पोर्टमधली दांडी तुटली असेल, स्कर्टला चीर असेल, किंवा हेड जिथे बसतं तो सिलिंडरचा पृष्ठभाग सरळपट्टीखाली ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाकलेला असून घासायला माल उरला नसेल, तेव्हा. पैशाचा हिशेब करताना फक्त प्लेटिंगचा दर धरू नका. वेल्डिंग, दोन्ही बाजूंचं कुरिअर आणि वाट पाहण्याचे आठवडे धरा. ही बेरीज नव्या सिलिंडरच्या दोन तृतीयांशाच्या पुढे गेली की आम्ही नवा घ्यायला सांगू. तुम्हाला दुकान जवळ असल्याने प्लेटिंगच स्वस्त पडावं. महाराष्ट्रातून ब्लॉक परदेशी पाठवणाऱ्याचा हिशेब कुरिअर आणि कस्टममुळे बऱ्याचदा उलटा निघतो.

सिलिंडर परत आला की तीन गोष्टी स्वतः तपासा. पोर्टच्या प्रत्येक कडेवरून नायलॉनचा मोजा ओढा. धागा अडकला तर कडा पुरेशी मोडलेली नाही, परत पाठवा. बोअर आणि पिस्टन मोजून क्लिअरन्सचा ताळा घ्या. रिंगचा गॅप पुन्हा मोजा, कारण नव्या बोअरमध्ये तो पाकिटावरच्या आकड्यापेक्षा वेगळा येऊ शकतो.

प्रश्न (कोल्हापूर): डर्ट ट्रॅकसाठी आरएक्स१०० बनवतोय. सिलिंडर आधीच १.०० ओव्हरसाइज झालाय आणि आता ०.०८ टेपर आहे. पुढे काय?

उत्तर: तुमचा सिलिंडर लोखंडी स्लीव्हचा, त्यामुळे वरच्या चिंता तुम्हाला नाहीत. मूळ बोअर ५० मिमी, त्यावर ०.२५ च्या पायऱ्यांनी चार ओव्हरसाइज. तुम्ही ५१ मिमीवर आहात, म्हणजे ९८ चे १०२ सीसी झालेत. गटाची सीसी मर्यादा काटेकोर असेल तर तपासणीत हे धरलं जाईल. ०.०८ टेपरला नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. रिंग दर फेरीला फुगते-आवळते, खाचेत हलते आणि शेवटी तुटते.

आता मूळ मापाची नवी स्लीव्ह टाका. जुनी स्लीव्ह ब्लॉक ओव्हनमध्ये तापवून काढतात; हातोड्याने ठोकून काढणाऱ्याकडे काम देऊ नका. नवी बसल्यावर तिच्या खिडक्या ब्लॉकच्या पोर्टशी जुळतात का ते बोट घालून बघा. एखादा मिमी पायरी राहिली तरी रेस-ट्यून केलेल्या इंजिनात ती जाणवते. नंतर पिस्टन आधी विकत घ्या, तो मोजा, आणि लेथवाल्याला माप द्या. ‘स्टँडर्ड करून ठेवा, पिस्टन नंतर आणतो’ असं कधीच नको. या मापाच्या हवेवर थंड होणाऱ्या टू स्ट्रोकला क्लिअरन्स साधारण ०.०४ ते ०.०५; पिस्टनच्या खोक्यावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. बोअरिंगचं हत्यार ०.०४-०.०५ आधी थांबवून शेवटचा भाग होनिंगने काढायला सांगा. हत्याराच्या वळ्या राहिल्या तर रिंगा त्याच घासत बसतात. सगळ्या पोर्टच्या कडा मोडायला विसरू नका. घाईत राहून जातं ते नेमकं हेच.

प्रश्न (म्हापसा): एक्सपल्स २०० सकाळी सुरू केली की निळा धूर मारते, मग बंद होतो. बोअर करायला सांगितलंय.

उत्तर: थांबा. रात्रभर उभी राहून पहिल्या मिनिटात धूर आणि मग स्वच्छ, हे व्हॉल्व्ह स्टेम सीलचं लक्षण आहे. रिंगा-सिलिंडर गेले असतील तर गरम गाडी चढावर ओढताना धूर मारते आणि ऑइल सतत कमी होतं. आधी लीक-डाउन करा. १० टक्क्यांच्या आत आलं तर हेड उतरवून सील बदला, ब्लॉक हलवूही नका.

ब्लॉक कधी उतरलाच, तर बोअरिंगला देण्याआधी आत स्लीव्ह आहे की प्लेटिंग ते कोणत्याही गाडीत स्वतः ओळखा. खालच्या कडेला बघा. दोन-तीन मिमी जाडीचं वेगळ्या धातूचं कडं दिसलं आणि लोहचुंबक त्याला ठणकन चिकटला, तर स्लीव्ह. चुंबक आतल्या भिंतीला लावून निष्कर्ष काढू नका. निकेलही चुंबकाला थोडं ओढतं.

प्रश्न (सांगली): प्लेटिंग करून आणलेला सिलिंडर बसवताना आणि नंतर काय पाळायचं?

उत्तर: पेट्रोलने धुवून भागत नाही. होनिंगची कच रेघांमध्ये बसलेली असते आणि पेट्रोल ती तशीच सोडतं. गरम पाणी, भांड्याचा साबण आणि नायलॉनचा ब्रश घ्या. पोर्ट आणि ऑइलच्या वाटाही धुवा. वाळवून पांढऱ्या कपड्याला थोडं इंजिन ऑइल लावून आत पुसा. कपड्यावर करडा डाग आला तर परत साबणापासून सुरू करा. डाग येणं थांबेपर्यंत.

बसवताना पिस्टनच्या स्कर्टला आणि सिलिंडरला ऑइलचा पातळ हात पुरे. रिंगा ऑइलमध्ये बुडवू नका, त्या बसायला वेळ लावतात. गजन पिनच्या सर्क्लिप नेहमी नव्या, आणि त्यांचं तोंड वर किंवा खाली. बसवताना क्रँककेसच्या तोंडात कपडा कोंबलेला असू द्या. टू स्ट्रोकमध्ये रिंगचा गॅप खाचेतल्या पिनवरच बसलाय का ते सिलिंडर सरकवताना दोनदा बघा.

पहिल्यांदा गाडी सुरू केली की रेडिएटर हाताला गरम लागेपर्यंत चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा, दर वेळी थोडं जास्त. मग अर्धा तास अर्ध्या-पाऊण थ्रॉटलपर्यंत, पण एकाच वेगावर नाही. ओढा, सोडा, पुन्हा ओढा. नुसतं आयडलवर ठेवून रिंगा बसत नाहीत, दाब मिळाला तरच त्या भिंतीला टेकतात. फोर स्ट्रोकचं ऑइल आणि फिल्टर पहिल्या एक-दोन तासांनंतर बदला आणि त्या वेळी एकदा लीक-डाउन करून आकडा वहीत लिहा. पुढच्या प्रत्येक तपासणीची तुलना या आकड्याशी करायची आहे.